डोक्यात रक्त साकळलं म्हणजे नक्की कुठे?

कॅज्युअल्टीच्या बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं की "डोक्यात रक्त साकळलंय", की घरच्यांच्या मनात एकच येतं, मेंदू गेला, आता माणूस पहिल्यासारखा होणार नाही. पण कवटीच्या आत झालेला प्रत्येक रक्तस्राव मेंदूच्या आत झालेला नसतो. खूपदा रक्त मेंदूच्या बाहेर असतं, कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या पडद्यांमध्ये, आणि मेंदू स्वतः तोपर्यंत बऱ्यापैकी शाबूत असतो, फक्त बाहेरून दाबला जात असतो. कॅज्युअल्टीत काम करताना मला हा फरक नातेवाइकांना समजावून सांगावासा वाटतो पण तेव्हा ना त्यांना ऐकायचं सुचत ना मला वेळ असतो, म्हणून इथे निवांत लिहितोय. रक्त कोणत्या थरात आहे यावर तुमच्या हातात किती वेळ आहे ते ठरतं. एका प्रकारात तास मोजायचे असतात, एकात कित्येक आठवडे निघून जातात आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि एकात तर कधी कधी मार लागलेलाच नसतो.

आधी पडदे समजून घेऊ, ते कळलं की बाकीचं सोपं आहे. कवटीच्या आतून सगळ्यात बाहेरचा पडदा जाड आणि चिवट असतो, त्याला ड्युरा म्हणतात, आणि तो कवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो, हाडांचे सांधे असतात तिथे तर अगदी घट्ट. त्याच्या आत अरॅक्नॉइड नावाचा पातळ पडदा. आणि तिसरा पाया, तो मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला इतका बिलगलेला असतो की नुसत्या डोळ्यांना वेगळा दिसणं अवघड. अरॅक्नॉइड आणि पाया यांच्या मधे पाणी खेळत असतं, ज्याची तपासणी करायला पाठीतून सुई घालतात तेच हे पाणी, आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या याच पाण्यातून गेलेल्या असतात. म्हणजे रक्त साठायला तीन जागा झाल्या, ड्युराच्या बाहेर, ड्युराच्या आत, आणि अरॅक्नॉइडच्या खाली. डॉक्टर यांना अनुक्रमे एक्स्ट्राड्युरल (काही जण एपिड्युरल म्हणतात), सबड्युरल आणि सबअरॅक्नॉइड म्हणतात, रिपोर्टमध्ये ईडीएच, एसडीएच, एसएएच असं लिहिलेलं असतं.

आता दुसरी गोष्ट, दाबाची. मोठ्या माणसाची कवटी ही बंद पेटी आहे, तिला ताणायला जागाच नाही. आत साधारण १४०० मिली मेंदू, दीडेकशे मिली रक्त आणि तेवढंच पाणी. यातलं एक वाढलं तर दुसऱ्या कुणाला तरी जागा सोडावी लागते, हे स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलं आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये पुढे नेलं, आजही न्यूरोसर्जरी याच तत्त्वावर चालते. रक्त साठायला लागलं की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि त्यामुळे सुरुवातीला पेशंटला काहीच होत नाही, तो बोलतो, चहा पितो, कुठे दुखतंय ते बोटाने दाखवतो. मग ही मोकळी जागा संपते. त्यानंतर अगदी थोडं रक्त वाढलं तरी दाब झपाट्याने चढतो आणि माणूस बघता बघता खाली जातो. "आत्ता तर बोलत होता हो" हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय त्या प्रत्येक वेळी आत हेच घडत असतं, आणि म्हणून बोलतोय म्हणजे बरा आहे हा हिशोब डोक्याच्या बाबतीत धरायचा नाही.

पहिला प्रकार, एक्स्ट्राड्युरल. कानशिलाचं हाड कवटीतल्या पातळ हाडांपैकी एक आहे आणि नेमकी त्याच्याच आतून एक धमनी जाते, मिडल मेनिंजियल आर्टरी, हाडावर तिची खाच सुद्धा पडलेली असते. तिथे मार बसला, हाडाला चीर गेली की बऱ्याचदा ही धमनी फाटते. धमनीतलं रक्त जोरात येतं आणि हाडाला चिकटलेला ड्युरा सोलत सोलत स्वतःसाठी जागा करतं. ड्युरा हाडांच्या सांध्यांपाशी घट्ट चिकटलेला असल्यामुळे हे रक्त सहसा तिथेच अडतं, पसरत नाही, मग ते आतल्या बाजूला फुगतं, म्हणून सीटी स्कॅनमध्ये ते दोन्हीकडून फुगीर भिंगासारखं दिसतं. हा प्रकार जास्त करून तरुणांत आणि पोरांमध्ये, साठीच्या पुढे कमी, कारण वयानुसार ड्युरा हाडाला इतका चिकटतो की सहज सुटत नाही.

समजा रात्री नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर एक पोरगा गाडीवरून स्लिप झाला. दोन मिनिटं शुद्ध गेली, मग उठून बसला, कपडे झटकले, मित्र म्हणाले काही नाही झालं भो, चल घरी. घरी आला, डोकं दुखतंय म्हणाला, आईने गोळी दिली, झोपला. पहाटे घोरण्याचा विचित्र आवाज येतोय म्हणून उठवायला गेले तर उठेना, आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. मधला जो काळ होता, ज्यात तो एकदम नॉर्मल वाटत होता, तो या प्रकारात पुष्कळ पेशंटमध्ये येतो, सगळ्यांत नाही पण येतो, काही मिनिटांचा असेल किंवा काही तासांचा. त्या काळात कुणी सीटी केला असता तर तो शुद्धीवर असतानाच ऑपरेशनला गेला असता, आणि शुद्धीवर असताना टेबलवर पोचलेले पेशंट बहुतेक वेळा वाचतात, नुसते वाचत नाहीत, पुन्हा कामाला जातात. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री २००९ च्या मार्चमध्ये कॅनडात नवशिक्यांच्या उतारावर स्कीइंग शिकताना पडली, सुरुवातीला तिला काहीच वाटलं नाही, आलेली अँब्युलन्स परत गेली, थोड्या वेळाने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. ४५ वर्षांची होती. पोस्टमॉर्टेममध्ये हाच रक्तस्राव निघाला.

आपल्याकडे संक्रांतीला येवल्यात आणि नाशकातही गच्चीवर पतंग उडवताना पोरं पडतात, तेव्हा हात मोडलाय का हे सगळे बघतात आणि डोकं आपटलंय का हे विचारायचं राहून जातं. ते आधी विचारा. आणि डोक्याचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, एक्स-रेत हाड दिसतं, रक्त दिसत नाही, आणि प्रत्येक चीर दिसेलच असंही नाही. रक्त बघायला सीटी लागतो, त्याला काही मिनिटंच लागतात. हे मशीन बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड, त्यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू १९७१ मध्ये लंडनला स्कॅन झाला, त्याआधी सर्जनला बाहुली कुठली मोठी झालीय, हात कुठला लुळा पडलाय यावरून अंदाज बांधून कवटीला भोकं पाडून रक्त शोधावं लागायचं. आज गुठळी ३० मिलीच्या वर असेल तर पेशंट कितीही चांगला दिसत असला तरी ती काढावी असं साधारण धोरण आहे. लहान असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल तर आयसीयूत ठेवून पुन्हा सीटी करून लक्ष ठेवतात, म्हणून "ऑपरेशन का करत नाहीत" असं वाटलं तर त्यांना साइज किती मिली आहे आणि मेंदू मध्यरेषेवरून किती सरकलाय हे विचारा, हे दोन आकडे कुठलाही डॉक्टर सांगेल.

दुसरा प्रकार सबड्युरल आणि यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण यात आपल्या घरातली म्हातारी माणसं हकनाक मागे पडतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून ड्युराकडे छोट्या शिरा गेलेल्या असतात. डोकं जोरात हललं की मेंदू आत सरकतो, या शिरा ताणल्या जातात आणि तुटतात. रक्त ड्युराच्या आतल्या बाजूने पसरतं, तिथे अडवायला हाडांचे सांधे नसतात, म्हणून ते अर्ध्या मेंदूवर पातळ पसरतं, सीटीत चंद्रकोरीसारखं दिसतं, आणि मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांमधल्या पडद्यापाशी थांबतं. मोठ्या अपघातात हे लगेच होतं आणि तेव्हा बऱ्याचदा खाली मेंदूलाही मार लागलेला असतो, त्यामुळे ताजा सबड्युरल हा एक्स्ट्राड्युरलपेक्षा एकूण जास्त वाईट. जाडी १० मिलीमीटरच्या वर किंवा मेंदू ५ मिलीमीटरपेक्षा जास्त सरकलेला असेल तर कवटी उघडावी लागते.

जुना सबड्युरल मात्र वेगळीच गोष्ट आहे. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदूत अंतर पडतं, त्या शिरा आधीच ताणलेल्या राहतात. मग मार किती छोटा पुरतो बघा, बाथरूममध्ये घसरले, दाराच्या चौकटीला डोकं लागलं, ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षबागेतल्या मांडवाच्या अँगलला डोकं आपटलं. जखम नाही, रक्त नाही, मुका मार, आबा डोकं चोळतात आणि कामाला लागतात. आत थोडंसं रक्त येतं, आणि आक्रसलेल्या मेंदूमुळे जागा असते म्हणून काहीच जाणवत नाही. शरीर त्या रक्ताभोवती एक पातळ आवरण बनवतं, त्या आवरणात नवीन नाजूक रक्तवाहिन्या येतात, त्या सारख्या गळतात, पुन्हा थोडं रक्त, पुन्हा गळती, असं आठवडे चालतं. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात. तोवर आत घट्ट गुठळी राहिलेली नसते, काळपट पातळ द्रव झालेला असतो.

आणि मग डिसेंबरमध्ये घरचे म्हणायला लागतात, आबा हल्ली विसरायला लागलेत, चालताना एक पाय ओढतात, दुपारी पण झापडच असते, शर्टाची बटणं लागत नाहीत, परवा तर संडासात जायच्या ऐवजी देवघरात गेले. कुणी म्हणतं म्हातारचळ, कुणी म्हणतं वय झालं आता, कुणी लकव्याचं औषध सुचवतं. ऑक्टोबरमधला तो अँगल कुणालाच आठवत नाही, खुद्द आबांनाही नाही, आणि कित्येक पेशंटमध्ये विचारूनही मार लागल्याचं सापडत नाही. मला इथे अगदी कळकळीने सांगायचंय, म्हाताऱ्या माणसाचं वागणं काही आठवड्यांत बदललं असेल तर एकदा डोक्याचा सीटी करून घ्या. खरा स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षांच्या हिशोबाने येतो. आठवड्यांत आलेला बदल वयामुळे म्हणून सोडून द्यायचा नसतो, आणि हे असं कारण आहे जे काढून टाकता येतं. कवटीला एक-दोन भोकं पाडून तो द्रव बाहेर काढतात, काही ठिकाणी फक्त तेवढ्या जागेला भूल देऊन करतात, सगळा माणूस झोपवत पण नाहीत. दोन दिवसांनी जे आबा नातवाचं नाव विसरले होते ते त्याला अभ्यास झाला का विचारतात.

एक-दोन दिवस आत नळी ठेवतात, तिला ड्रेन म्हणतात, आणि ती बघून घरचे घाबरतात पण ती फार कामाची आहे. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये याची तुलना छापली, ड्रेन ठेवलेल्यांत साधारण ९ टक्के लोकांत रक्त पुन्हा साठलं आणि न ठेवलेल्यांत २४ टक्के. म्हणजे घरी गेल्यावरही परत होऊ शकतं, म्हणून पुढचे काही आठवडे तेच जुने लक्षण दिसतंय का बघायचं. "गोळीने विरघळणार नाही का" हा प्रश्न हमखास येतो. स्टिरॉइडवर लोकांना आशा होती, पण ब्रिटनमध्ये २०२० ला मोठी ट्रायल झाली त्यात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घेतलेले पेशंट उलट कमी चांगले राहिले. नवीन उपाय म्हणजे त्या गळक्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनीच आतून बंद करायची, आणि गंमत म्हणजे ही तीच मिडल मेनिंजियल आर्टरी, जी तरुणांमध्ये फाटते. २०२४ मध्ये याच्या मोठ्या ट्रायल्स छापून आल्या, पुन्हा रक्त साठणं कमी करायला निवडक पेशंटमध्ये उपयोग दिसतोय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं वेगळं सांगतो. अँजिओप्लास्टी झालेले, झडप बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले कितीतरी लोक इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, ॲसिट्रॉम अशा गोळ्यांवर असतात. यांना डोक्याला साधा मार लागला तरी दाखवून घ्या, कारण तुटलेली बारीक शीर आपोआप बंद व्हायला वेळ लागतो. पण घाबरून घरच्या घरी गोळी बंद करू नका, झडपेवर किंवा स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते संकट आणखी मोठं. बंद कधी करायची, परत कधी सुरू करायची हे हार्टच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. दारू रोजची असेल तरी धोका वाढतो, पडणं जास्त, मेंदू लवकर आक्रसतो, लिव्हर बिघडल्यामुळे रक्त गोठत नाही, आणि पडलेला माणूस गुंगीत आहे ते दारूमुळे की मारामुळे हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून "उतरली की उठेल" म्हणून झोपवून ठेवणं हे जिवावर बेतू शकतं. अजून एक, रडतं म्हणून तान्ह्या बाळाला जोरात हलवू नका, त्याची मान धरत नसते आणि त्याच त्या शिरा तुटतात.

तिसरा, सबअरॅक्नॉइड. अपघातात हा सुद्धा होतो, आणि खरं तर एकूण केसेसमध्ये मार हेच सगळ्यात मोठं कारण आहे, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. थोडंच रक्त असेल तर नुसतं लक्ष ठेवून पेशंट घरी जातो. त्यामुळे अपघाताच्या पेशंटच्या रिपोर्टवर एसएएच वाचून मोबाईलवर शोधलं आणि भयंकर काहीतरी सापडलं तर थांबा, ते जे भयंकर लिहिलेलं असतं ते मार न लागता होणाऱ्या प्रकाराबद्दल असतं.

मार न लागता होणाऱ्यात दहातल्या साधारण साडेआठ जणांना कारण असतं ॲन्युरिझम. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, त्यातल्या फाट्यांवर भिंत कमजोर होऊन सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तसा फुगा येतो. शंभरात साधारण तीन मोठ्या माणसांत असा फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. ज्यांचं बीपी ताब्यात नाही, जे सिगरेट ओढतात, ज्यांच्या जवळच्या नात्यात हे झालंय त्यांना धोका जास्त. फुटला की जी डोकेदुखी येते ती हळूहळू वाढत नाही, क्षणात, फार तर मिनिटभरात शेंड्याला पोचते, पेशंट सांगतो की डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं. सोबत उलटी, उजेड सहन न होणं, काही तासांनी मान ताठ. कुणी तिथल्या तिथे बेशुद्ध पडतं.

आणि आपल्याकडे होतं काय, तर डोकं दुखतंय आणि उलटी झाली म्हणजे पित्त. सुंठीचा लेप, बाम, आंबट ढेकर आली का विचारणं, मेडिकलवाल्याकडून गोळी. अर्धशिशीची सवय असलेल्या बाईचं तर कुणी ऐकूनच घेत नाही, घरात सगळ्यांना वाटतं नेहमीचंच आहे. तिला एकच विचारा, नेहमीसारखं दुखतंय का आणि किती वेळात एवढं वाढलं. "नेहमीचं नाहीये, एकदम आलं" असं म्हणाली तर रिक्षा बोलवा. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर केलेला सीटी जवळजवळ सगळे रक्तस्राव पकडतो, उशीर झाला की रक्त त्या पाण्यात विरून जातं आणि मग पाठीतून पाणी काढून बघावं लागतं. एकदा फुटलेला फुगा परत फुटायची भीती पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त असते आणि दुसऱ्यांदा फुटला तर वाचणं फार अवघड, म्हणून तो बंद करायची घाई असते, एकतर कवटी उघडून क्लिप लावतात नाहीतर मांडीतून किंवा हातातून तार घालून फुग्याच्या आत कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी भरतात.

इथे नातेवाइकांची एक अडचण होते. ऑपरेशन छान झालं, पेशंट बोलतोय, मग दोन आठवडे आयसीयू कशाला, बिल वाढवायला का. तसं नाही. सांडलेलं रक्त त्या पाण्यात कुजतं आणि चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हाही आजूबाजूच्या धमन्या आकसू शकतात, मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त तुटतं आणि लकवा होतो, फुगा बंद झालेला असला तरी. म्हणून निमोडिपिन नावाची गोळी दर चार तासांनी, रात्री झोपेतून उठवून, २१ दिवस देतात. घरी पाठवल्यावर उरलेले दिवस ती चुकवायची नाही, ही गोळी खरंच फरक पाडते. पाण्याचा रस्ता तुंबून डोक्यात पाणी साठलं तर त्याचीही नळी टाकावी लागते. एवढं सगळं करूनही साधारण तीनातला एक पेशंट वाचत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता नाशिकपुरतं. शहरात सीटी जवळपास कुठेही मिळेल, पण सुरगाणा, पेठ, हरसूल कडून निघालात तर रस्त्यातल्या छोट्या दवाखान्यात टाके घालत आणि सलाईन लावत बसण्यात दोन तास जातात, आणि एक्स्ट्राड्युरलमध्ये तेच दोन तास असतात. डोक्याचा मार आणि शुद्ध गेली होती, दोनदा उलटी झाली, आकडी (फिट) आली, कानातून नाकातून रक्त किंवा पाणी आलं, डोकेदुखी वाढतेय, झापड येतेय, यातलं एक जरी असेल तर १०८ ला फोन करून सांगताना डोक्याचा मार हे आधी सांगा आणि सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेल्या ठिकाणी न्या म्हणा. वाटेत कुणी अनोळखी माणूस पडलेला दिसला तर पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून पुढे जाऊ नका, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

हेल्मेटचं इथे सगळ्यांना माहीत आहे, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शहरात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही हे पण करून झालं. हेल्मेटने डोक्याची इजा सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतात असं वेगवेगळे अभ्यास एकत्र करून निघालंय, पण त्यासाठी पट्टा लावलेला पाहिजे, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्या आपटीला उडून जातं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तीन गोष्टी न विचारता सांगा, मार किती वाजता लागला, मधे शुद्ध गेली होती का, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, गोळ्यांची पाकिटंच खिशात घालून न्या कारण घाईत नावं आठवत नाहीत. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, महात्मा फुले योजनेत मेंदूची बरीच ऑपरेशन्स बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला लगेच गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. आणि दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचं ठरलं तर नुसता रिपोर्टचा कागद घेऊन निघू नका, सीटीची सीडी किंवा फिल्म मागून घ्या, न्यूरोसर्जन रिपोर्ट वाचून नाही तर फोटो स्वतः बघून ठरवतो, आणि ती नसली की पुन्हा सीटी करण्यात परत वेळ जातो.